बाईंची शिफारस

"तुमच्या आईंची तब्येत कशी आहे?" असं बाईंनी विचारलं, की आम्ही समजून जायचो, कालचं नाटक पडलं.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना हे जरा समजावून सांगायला हवं. तुम्ही त्यांना सकाळी दूध केंद्रावर गाठायचं आणि विचारायचं, "बाई, काल कसं झालं?" नाटक चांगलं असेल तर त्या दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत आणि म्हणत, "बघून या, मग बोलू." एवढंच. नाटकात काय घडतं ते सांगत नसत. गोष्ट सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं, असं त्यांचं मत. आणि नाटक चांगलं नसेल तर त्या तुमच्याकडे मायेनं बघत आणि तुमच्या घरच्यांच्या प्रकृतीची चौकशी करत. कुणाच्याही नाटकाला त्यांनी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. पोरं महिना-महिना राबलेली असतात, आपण एका शब्दात कसं मोडायचं, असं त्यांना वाटे.

गंमत अशी, की आम्हाला हे कळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपण मोठ्या शिताफीनं विषय बदलतो, अशी त्यांची समजूत होती. आणि त्या समजुतीत इतका भाबडेपणा होता, की ती मोडायची आमच्यापैकी कुणाला इच्छा झाली नाही.

आम्ही दोघं बडोद्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. मी मराठी आणि इतिहास, बाई गणित. शाळेत शिक्षिका आणखीही होत्या, पण त्यांचा उल्लेख करताना आडनाव लावावं लागे. नुसतं 'बाई' म्हटलं की त्या एकट्याच. पती लवकर गेलेले, एक मुलगा. खडूनं पांढरी झालेली बोटं पदराला पुसायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक साडीच्या पदराला एक फिकट कोपरा असे. नाटकाचं वेड भाषा शिकवणाऱ्याला असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला मात्र पुस्तकातलं नाटक पुरे, आणि ह्यांना समोर घडणारंच हवं असे.

रावपुऱ्यात तेव्हा एक बंद पडलेला छापखाना होता. यंत्रं विकली गेली होती. मागे लांबट गोदाम आणि भिंतींत मुरलेला शाईचा वास उरला होता. बँकेत काम करणाऱ्या जयंतीभाईंनी मालकाच्या मागे लागून ते गोदाम उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या काही दिवसांसाठी मिळवलं आणि तिथे नाटकांचा महोत्सव सुरू केला. आम्ही त्याला 'छोटा महोत्सव' म्हणायचो. मोठा होता तो मोठ्या नाट्यगृहात. तिथे मुंबईची नाटकं येत, दाराशी अत्तर शिंपडत. आमच्याकडे विद्यापीठातली मुलं येत, कारखान्यातले हौशी लोक येत, नाटक गुजरातीत असे, मराठीत असे, हिंदीत असे, एकदा तर कुठल्याच भाषेत नव्हतं. बाहेर तारांवर कापलेले पतंग लोंबत असायचे आणि आत शाळेतून आणलेल्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. मांडून घ्यायला मी जात असे.

प्रत्येक नाटकाचे लागोपाठच्या दोन संध्याकाळी दोन प्रयोग होत. पहिल्याला करणाऱ्यांचे नातेवाईक यायचे, आणि बाई. दुसऱ्याला गाव यायचं, यायचं असलं तर. ते येणार की नाही हे मधल्या सकाळी ठरे, बाई दूध आणायला निघत तेव्हा. घरोघरी नुकतीच केबल आली होती. संध्याकाळी चपला घालून बाहेर पडायला माणसाला काहीतरी कारण लागत होतं. वर्तमानपत्रं आमची दखल घेत नसत. बाईंचा शब्द हेच कारण.

सगळ्यांना एकच नाटक त्या सांगत नसत. माणूस बघून सांगत. अलकापुरीत राहणारे एक डॉक्टर होते. पत्नी गेल्यापासून ते कुठेच जात नसत. त्या वर्षी महोत्सवात एका एकाकी म्हाताऱ्यावरचं नाटक होतं, फार चांगलं. बाई डॉक्टरांना तेच सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्यांना पाठवलं विद्यापीठातल्या पोरांचा धुडगूस बघायला, ज्यात एक गाढव निवडणुकीला उभं राहतं. डॉक्टर इतके हसले की खोकल्याची उबळ येऊन बाहेर चहाच्या हातगाडीवर, आमच्या भाषेत लारीवर, पाणी प्यायला गेले, आणि धावत परत आत आले. ते दुसरं नाटक का नाही सांगितलं, असं मी बाईंना नंतर विचारलं.

"ते त्यांच्या घरी रोजच चालू आहे की, सर," बाई म्हणाल्या.

आणखी एकदा, अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून तासभर जमिनीवर सरपटणाऱ्या माणसांचं नाटक होतं. ते बसवणाऱ्या मुलानं स्वतःच येऊन बाईंना विचारलं, कसं वाटलं. बाईंनी त्याला होस्टेलच्या जेवणाविषयी विचारलं. मुलगा खूश झाला. डाळीत मीठ नसतं, रोटल्या कच्च्या असतात, सगळं भडाभडा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याच्यासाठी डबा घेऊन आल्या. नाटकाबद्दल बोलणं राहून गेलं हे त्याच्या लक्षात कधी आलं असेल, देव जाणे.

आता शिरीषबद्दल सांगितलं पाहिजे. शिरीष म्हणजे बाईंचा मुलगा. तो आमच्याच शाळेत शिकला. तो बाईंच्या वर्गात आला तेव्हापासून त्याचा गणिताचा पेपर बाईंनी कधी तपासला नाही. दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे देत. एका परीक्षेत शिरीषनं एक उदाहरण वेगळ्याच रीतीनं सोडवलं होतं. उत्तर बरोबर, पण सरांना ती रीत पटली नाही आणि त्यांनी गुण कापले. पोराचा पहिला नंबर गेला. तो पेपर बाईंनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर पाहिला. उदाहरणावरून बोट फिरवलं, मान किंचित हलवली, आणि घडी करून परत गठ्ठ्यात ठेवून दिला. बोला ना सरांशी, मी म्हटलं. घरचा पेपर आपण तपासायचा नाही, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या तासाला निघून गेल्या.

शिरीष पुढे इंजिनीअर झाला आणि वाघोडियाला एका कारखान्यात लागला. पाळीची नोकरी होती. नाटकाचं वेड मात्र आईकडून आलेलं. पडदे बांधायचा, दिवे लावायचा, लहानसहान कामं करायचा. मग एका वर्षी त्यानं स्वतः नाटक लिहिलं. त्याच सुमाराला कॅनडातल्या त्याच्या मित्रानं तिकडच्या नोकरीचं जमवत आणलं होतं. बाईंनी मला एका मधल्या सुट्टीत हे सांगितलं. शिरीष त्यांना म्हणाला होता, हे एकदा मनासारखं करून बघतो. लोकांना हवं असेल तर इथेच राहीन, नाहीतर जाईन. जयंतीभाईंनीही शब्द दिला होता, दुसऱ्या प्रयोगाला गोदाम भरलं तर दर महिन्याला ह्या नाटकाचा प्रयोग लावू.

"त्यानं राहावं असं तुम्हाला वाटतं ना?" मी विचारलं.

बाईंनी डबा बंद केला. बराच वेळ झाकण दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मला दुसरं कोण आहे?"

नाटक आमच्याच घरांतलं होतं. पुण्याहून माणसं मुलगी बघायला आलेली आहेत. मुलीला घरच्यांनी ताकीद दिली आहे, की तोंडातून एकही गुजराती शब्द येता कामा नये. आई दाराशी 'आवो, आवो' म्हणत पाहुण्यांना घेते, जीभ चावते, आणि आत येऊन 'कशाला आलेत इतक्या लवकर' म्हणून कुरकुरते. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेला माणूस ते बघताना खुर्चीवर नीट बसू शकत नव्हता, इतका हसत होता. मुलीचा भाऊ शिरीष स्वतः झाला होता. पण हळूहळू ते हसू आटत जातं, कारण मुलगी बोलतच नाही. चुकीचा शब्द येईल म्हणून ती तोंडच उघडत नाही. पाहुणे विचारतात, घरचे खुणावतात, ती गप्प. पाहुणे निघून जातात तरी ती गप्पच राहते. नाटक संपतं तेव्हा सगळं घर तिच्याभोवती उभं असतं, तिनं काहीतरी, कुठल्याही भाषेत काहीतरी बोलावं म्हणून.

पहिल्या प्रयोगाला नेहमीसारखेच थोडे लोक होते. जयंतीभाईही बँकेत अडकून पडले होते. संपल्यावर लगेच कुणी उठलं नाही. बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पदराच्या त्या खडूच्या कोपऱ्यानं, त्यामुळे काच आणखीनच धूसर झाली असणार. पण तो तसाच परत लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्यांना म्हटलं, की इतक्या वर्षांत आपल्या महोत्सवात असं झालं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी तो आवरला.

"तुम्ही म्हणा, सर. मी आई आहे. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी दोघा-तिघांना सांगितलंही. पण लोक माझ्याकडे पुस्तकं विचारायला येत, नाटकं नाही. त्यांनी मान डोलावली आणि ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी खुर्च्या मांडल्या, त्यांतल्या बहुतेक तशाच राहिल्या. नाटक करणाऱ्यांपेक्षा बघणारे कमी होते. रिकाम्या जागेत हशा पिकत नाही. तेच बोलणं, तीच आई, तेच 'आवो, आवो', पण आवाज भिंतीपर्यंत जाऊन एकटाच परत येत होता. मुलगी गप्प झाली तेव्हा बाहेरच्या स्कूटरी ऐकू येत होत्या. बाई सारख्या दाराकडे वळून बघत होत्या.

प्रयोग संपल्यावर बाहेर लारीजवळ जयंतीभाई चहा पीत उभे होते. बाई सरळ त्यांच्याकडे गेल्या. त्या कधी तक्रार करत नसत, पण त्या दिवशी त्यांनी विचारलंच, की लोक का नाही आले? इतकं चांगलं नाटक, तुम्ही कुणाला सांगितलं नाही का?

जयंतीभाईंनी कप खाली ठेवला. त्यांना खरंच कळेना.

"बेन, सकाळी मी पूछ्युं ने तमने, केवुं छे? तमे तो मारी बानी तबियत पूछी."

बाई म्हणाल्या, "मग?"

"मग शुं, बेन? आपण सगळे समजलो. मीच चार जणांना सांगितलं, राहू द्या, बेननं आईची तबियत विचारली."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. सकाळी दूध केंद्रावर, भाजीच्या लारीवर, शाळेच्या फाटकात, जो भेटला त्यानं विचारलं होतं. मुलाचं कौतुक आपल्या तोंडून जाऊ नये म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या आईची, वडिलांची, गुडघ्याची, दम्याची चौकशी केली होती. आणि प्रत्येक जण घरी जाऊन सांगत होता, की बाईंनी स्वतःच्या मुलाच्या नाटकालाही सोडलं नाही. म्हणजे ते किती वाईट असेल बघा. बाईंच्या सचोटीचं त्या दिवशी रावपुऱ्यात फार कौतुक झालं.

शिरीष दारात वायर गुंडाळत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई, तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"घरचं होतं रे, बाळा."

"हं," शिरीष म्हणाला. रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यानं वायर नीट, एकावर एक वेढे घेत गुंडाळली, शेवटची गाठ मारली आणि आत ठेवायला गेला.

त्या उन्हाळ्यात तो कॅनडाला गेला. जयंतीभाई त्याला म्हणाले होते, झाली ती चूक झाली, आपण आणखी एक प्रयोग लावू. पण त्यानं मनात एक हिशेब केला होता आणि त्याचं उत्तर आलं होतं. तो आईचाच मुलगा. उत्तर आल्यावर परत खोडत बसणारा नव्हता. दर रविवारी त्याचा फोन येई. नाटकाचं काय, असं बाई सुरुवातीला विचारत. तिकडे वेळ कुठे असतो, तो म्हणे. पुढे त्यांनी ते विचारणं सोडलं.

बाई छोट्या महोत्सवाला येत राहिल्या. पण त्या दिवसानंतर त्यांनी कुणाच्या घरची तब्येत विचारलेली मी ऐकली नाही. सगळ्याच नाटकांना त्या 'बघून या' म्हणू लागल्या. चांगल्याला, बऱ्याला, सरपटणाऱ्याला. चार-दोनदा फसल्यावर लोक आपसांत म्हणू लागले, बाईंना हल्ली सगळंच चांगलं वाटतं, वय झालं. मग हळूहळू दूध केंद्रावर त्यांना कुणी थांबवेनासं झालं. पिशवी हातात घेऊन त्या थोडा वेळ तिथे उभ्या राहत आणि घरी जात.

पुढे माझी आई खरोखरच आजारी पडली. बाई रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहत. तोंड उघडत, आणि काही न विचारता परत जाऊन बसत. घरी मात्र त्यांच्याकडून मऊ खिचडीचा डबा यायचा. आई गेली त्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, आणि शेवटपर्यंत एका कोपऱ्यात बसून होत्या.

महोत्सवही फार वर्षं चालला नाही. छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, जयंतीभाई मुलीकडे सुरतेला गेले. आम्ही दोघं निवृत्त झालो. शाळेच्या मराठी तुकड्या कमी होत होत एक उरली होती, तीही आमच्यामागे बंद झाली. मी अधूनमधून बाईंकडे जाई. वाचत बसलेल्या असत. टीव्हीवर नाटक लागलं तर बघत नसत. त्यातली माणसं आपल्याकडे बघत नाहीत, म्हणत.

बाई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. शेवटच्या आठवड्यात त्या इस्पितळात होत्या आणि शिरीष कॅनडाहून आला होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, मराठी तशीच होती. बाईंचं सोडियम एकदम खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी माणूस असंबद्ध बोलतो, ओळखी पुसल्यासारख्या होतात, येईल भान ठिकाणावर. ते आलं नाही. पण मला सांगायची आहे ती त्याच आठवड्यातली एक दुपार.

मी खोलीत गेलो तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मला ओळखलं. "या, सर," म्हणाल्या. शिरीष खिडकीपाशी स्टुलावर बसला होता. त्यानं हलक्या आवाजात मला सांगितलं, की सकाळपासून ती त्याला 'अहो' म्हणते आहे.

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हे तुमचे पाहुणे का, सर?"

माझ्याआधी शिरीषच म्हणाला, "हो."

"बाहेरगावचे?"

"हो. लांबून आलोय."

"मग आलाच आहात तर एक संध्याकाळ काढा," बाई म्हणाल्या. किती तरी वर्षांनी मी त्यांचा तो आवाज ऐकत होतो. "आमच्याकडे एक नाटक चाललंय. बघाच तुम्ही."

शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कुणाचं आहे?"

"एक मुलगा आहे, वाघोडियाला कारखान्यात जातो. नाव आत्ता आठवत नाही मला." त्या थोड्या पुढे झुकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "नात्यातला नाही हं माझ्या. म्हणून तर सांगता येतं."

शिरीष गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत होता. त्यानं विचारलं, "चांगलं केलंय त्यानं?"

"त्यात एक मुलगी गप्प बसते," बाई म्हणाल्या. "मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. असं मला कधी झालं नव्हतं." मग त्या थबकल्या, जास्त सांगितलं गेलं की काय म्हणून. "नको, तुमचं तुम्ही बघा. फक्त पुढे बसा. तो मुलगा हळू बोलतो, मागे ऐकू येत नाही."

शिरीष उठला. खिडकीजवळचं स्टूल त्यानं उचललं, पलंगाला अगदी लागून ठेवलं आणि त्यावर बसला.

"इथे बसू?" त्यानं विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे आणि पलंगाकडे नीट बघून अंतराचा अंदाज घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "इथे ठीक आहे."